रिव्ह्यू होऊनही रिक्वायरमेंटमधले तेच दोष चाचणीत पुन्हा का सापडतात?

समस्येचे स्वरूप

रिक्वायरमेंट डॉक्युमेंट, म्हणजे प्रणालीने काय करायला हवे ते सांगणारे डॉक्युमेंट, लिहून होते, चार-पाच जणांकडे जाते, दीड-दोन तासांची बैठक होते, वीस-पंचवीस शेरे येतात, त्यांतले बहुतेक दुरुस्त होतात, सह्या होतात आणि बेसलाइन, म्हणजे पुढच्या कामासाठी पक्की धरलेली आवृत्ती, ठरते. तीन महिन्यांनी सिस्टिम टेस्टिंगमध्ये, किंवा त्याहून वाईट म्हणजे ग्राहकाच्या स्वीकृती चाचणीत, टेस्टर विचारतो की या ठिकाणी नेमके काय व्हायला हवे, आणि त्याचे उत्तर डॉक्युमेंटमध्ये कुठेच नसते, किंवा दोन पानांवर दोन वेगवेगळी उत्तरे असतात. मग चौकशी होते, रिव्ह्यूची नोंदवही काढली जाते आणि तीत सर्व काही रीतसर झाल्याचे दिसते. पुढच्या रिलीजलाही हेच घडते.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी चेकलिस्ट वाढवली जाते. तीस प्रश्नांचे साठ होतात, दोन तासांची बैठक तीन तास चालते आणि रिव्ह्यू करणारा साठही रकान्यांत बरोबरच्या खुणा करून मोकळा होतो. हे निदान न करताच औषधाची मात्रा वाढवण्यासारखे आहे. उशिरा सापडणारे दोष एका जातीचे नसतात. त्यांतली एकच जात चेकलिस्टने पकडता येते, आणि माझ्या अनुभवात तरी सर्वाधिक त्रास देणारी जात ती नसते.

निदान

गेल्या एक-दोन रिलीजमध्ये उशिरा सापडलेले आणि ज्यांचे मूळ रिक्वायरमेंटमध्ये आहे असे पंचवीस-तीस दोष काढावेत आणि प्रत्येकाबाबत एकच प्रश्न विचारावा: रिव्ह्यूच्या दिवशी या बाबतीत डॉक्युमेंटमध्ये काय लिहिलेले होते? उत्तरे चार गटांत पडतात. विधान होते, पण त्याचे दोन अर्थ निघत होते. विधान स्पष्ट होते, पण चुकीचे किंवा कालबाह्य होते. विधानच नव्हते. किंवा विधान वरच्या स्तरावरच्या डॉक्युमेंटमध्ये होते, पण खालच्या स्तरावर उतरले नाही. ही वर्गवारी एका दुपारी होते आणि ती करताना लेखकाला दोष देण्याचा मोह टाळला तर प्रामाणिक होते.

काही वर्षांपूर्वी मी दूध संकलन केंद्रांसाठीच्या एका प्रणालीवर काम करत होतो. वजनकाटा आणि दूध तपासणारा अॅनालायझर यांच्याकडून आकडे घ्यायचे, दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढायची, उत्पादकाला पावती द्यायची आणि दर दहा दिवसांनी दुधाचे बिल तयार करायचे, एवढे ते काम होते. ऐकायला सोपे वाटणाऱ्या या प्रणालीचे डॉक्युमेंट दोन वेळा रिव्ह्यूतून गेले होते. चाचणीतले दोष आम्ही वर लिहिल्याप्रमाणे लावले तेव्हा सर्वांत मोठा ढीग ‘विधानच नव्हते’ या गटाचा निघाला. आमच्या चेकलिस्टमधला जवळजवळ प्रत्येक प्रश्न मात्र लिहिलेल्या विधानाबद्दलचा होता. जे पानावर नाही त्याच्यासमोर खूण कशी करणार?

हा असमतोल आमच्यापुरता नव्हता. रिक्वायरमेंटच्या गुणवत्तेसाठी बराच काळ आयईईई ८३० हे मार्गदर्शन वापरले जाई. त्याच्या १९९८ च्या आवृत्तीत चांगल्या डॉक्युमेंटची आठ लक्षणे दिली आहेत. त्याची जागा २०११ मध्ये आयएसओ, आयईसी आणि आयईईई यांच्या संयुक्त २९१४८ या मानकाने घेतली आणि २०१८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. या नव्या मानकातली उपयुक्त गोष्ट अशी की ते एकेका विधानाची लक्षणे वेगळी सांगते आणि विधानांच्या संपूर्ण संचाची वेगळी. विधान एकार्थी, एकाच गोष्टीविषयीचे आणि पडताळता येण्याजोगे असावे, हे पहिल्या यादीत येते. संच परिपूर्ण आणि परस्परसुसंगत असावा, हे दुसऱ्या यादीत येते. आपल्या चेकलिस्टा बहुधा पहिल्या यादीतून तयार होतात, कारण एक वाक्य समोर ठेवून प्रश्न विचारणे सोपे असते. संच परिपूर्ण आहे का, हे एकेक वाक्य वाचून कधीच कळत नाही.

दोन अर्थांची विधाने

हा गट सर्वांत सोपा आहे, म्हणून त्यात फार वेळ घालवू नये. आमच्या डॉक्युमेंटमध्ये एक विधान होते: ‘दुधाची प्रत अयोग्य आढळल्यास प्रणालीने ऑपरेटरला तत्काळ सूचना द्यावी.’ यातल्या ‘तत्काळ’ या शब्दाला सर्वांनी हरकत घेतली, ‘अयोग्य’ला कोणीच घेतली नाही. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) या प्रतीला धरून जाहीर होतो. त्याखाली दूध आले की पॉइंटनुसार दर कमी होतो, दूध परत जात नाही. परत पाठवण्याची मर्यादा त्याहून खालची असते आणि ती दूध संघागणिक वेगळी असू शकते. प्रोग्रामरने ३.५ आणि ८.५ हीच नाकारण्याची मर्यादा धरली, आणि केंद्राच्या सचिवांच्या मनात ती दरकपातीची रेषा होती. ‘अयोग्य’ हा शब्द दोघांनाही पूर्ण स्पष्ट वाटत होता, म्हणूनच तो रिव्ह्यूत कोणाला खटकला नाही. ज्या शब्दावर सगळे हसतात त्यापेक्षा ज्यावर सगळे माना डोलावतात तो शब्द अधिक धोक्याचा असतो.

शब्दांचा शोध यंत्राला करू द्यावा. नासाच्या गॉडार्ड केंद्रात १९९० च्या दशकात अशी एक प्रणाली तयार झाली होती, जी डॉक्युमेंटमधले ढिले शब्दप्रयोग मोजून देई. मराठीत लिहिलेल्या डॉक्युमेंटसाठी अशी यादी करायची तर ‘योग्य ते’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘शक्यतो’, ‘वेळोवेळी’, ‘इत्यादी’, ‘तत्सम’ यांच्यापासून सुरुवात करावी. त्यांच्या जोडीला ‘नोंद घेतली जाईल’, ‘कळवण्यात येईल’ ही कर्ता लपवणारी रचना शोधावी, कारण नोंद प्रणाली घेणार की कारकून, हे तिथे सांगितलेलेच नसते. सरकारी पत्रव्यवहारातून ही भाषा निविदांमध्ये आणि तिथून आपल्या डॉक्युमेंटमध्ये येते.

वाक्यरचनेसाठी इअर्स (EARS) नावाची पद्धत वापरून पाहावी. रोल्स-रॉइस कंपनीत अॅलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी ती विकसित केली आणि २००९ मध्ये मांडली. तिच्यात विधानांचे मोजके साचे आहेत: नेहमी लागू असणारे, एखादी घटना घडल्यावर लागू होणारे, एखादी स्थिती असेपर्यंत लागू असणारे, नको ती गोष्ट घडल्यास काय करावे हे सांगणारे आणि एखादी सुविधा बसवलेली असेल तरच लागू होणारे. ‘जेव्हा’, ‘असताना’, ‘जर-तर’ यांनी आधी अट आणि मग कृती सांगणे मराठीला जात्याच सोयीचे आहे, त्यामुळे हे साचे आपल्या भाषेत इंग्रजीपेक्षाही सहज बसतात. वरचे विधान मग असे होते: ‘जेव्हा अॅनालायझरकडून आलेले फॅट किंवा एसएनएफ संघाने ठरवलेल्या नकार-मर्यादेपेक्षा कमी असेल, तेव्हा प्रणालीने वाचन मिळाल्यापासून २ सेकंदांच्या आत ऑपरेटरच्या पडद्यावर इशारा दाखवावा आणि ऑपरेटरने स्वीकार किंवा नकार नोंदवेपर्यंत पावती छापू नये.’ एसएनएफची नकार-मर्यादा कोण भरणार, हा प्रश्न हे वाक्य लिहितानाच पुढे आला.

विधानच नव्हते

आमचे दुसरे विधान असे होते: ‘दरपत्रक बदलल्यास प्रणालीने नवीन दर लागू करावा.’ यात एकही ढिला शब्द नाही. कोणतीही चेकलिस्ट याला उत्तीर्ण करील. पण सकाळचे संकलन सुरू असताना, चाळीस उत्पादकांच्या पावत्या निघाल्यानंतर, सर्व्हरवरून नवे दरपत्रक आले तर काय? रांगेतल्या एकेचाळिसाव्याला वेगळा दर मिळतो आणि शेजाऱ्याची पावती पाहून तो केंद्रात भांडायला येतो. प्रोग्रामरने दर आला त्या क्षणापासून लावला, सचिवांची अपेक्षा पुढच्या वेळेपासूनची, म्हणजे संध्याकाळच्या संकलनापासूनची होती, आणि डॉक्युमेंट दोघांच्याही बाजूने होते.

असे दोष वाचून सापडत नाहीत. डॉक्युमेंट वापरून काहीतरी तयार करायला घेतले की सापडतात. मेरीलँड विद्यापीठातले व्हिक्टर बॅसिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दृष्टिकोनाधारित वाचन या नावाने ही कल्पना मांडली: प्रत्येक वाचकाने एका ठरावीक भूमिकेतून वाचावे आणि त्या भूमिकेला लागणारी वस्तू वाचता वाचता तयार करावी. टेस्टरने चाचण्या लिहाव्यात, डिझाइन करणाऱ्याने रचनेचा आराखडा काढावा, वापरणाऱ्याच्या वतीने वाचणाऱ्याने कामाचा क्रम लिहून काढावा. चाचणीत अपेक्षित निकालाचा रकाना भरता आला नाही की तिथे विधान गहाळ आहे, हे आपोआप कळते.

आम्ही हे तीन जणांत वाटले. टेस्टरने प्रत्येक विधानाला किमान एक होकारी आणि एक नकारी चाचणी लिहिली. डिझाइन करणाऱ्याने संकलनाच्या स्थितींचा तक्ता काढला: संकलन सुरू नाही, सुरू आहे, वीज गेल्याने थांबले आहे, बंद झाले आहे, आणि आडव्या ओळीत घटना मांडल्या: नवे दरपत्रक आले, अॅनालायझर बंद पडला, नेटवर्क तुटले, नोंद रद्द करायची आहे. चार स्थिती आणि चार घटना यांची सोळा घरे होतात. त्यांतली किती घरे डॉक्युमेंटवरून भरता आली हे इथे सांगत नाही, पण तक्ता पाहून बैठकीत कोणी बोलेना. तिसरे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी ठरले: एका केंद्राच्या सचिवांना बसवून, फक्त डॉक्युमेंटमधले नियम वापरून, दहा दिवसांचे एक बिल पेनाने तयार करायला सांगितले. चौथ्या दिवसाशी ते थांबले आणि म्हणाले, ‘परवाची चुकलेली नोंद आज दुरुस्त केली तर दर परवाचा धरायचा की आजचा?’ हा प्रश्न दोन रिव्ह्यूंमध्ये आठ शिकलेल्या माणसांपैकी एकालाही सुचला नव्हता.

या पद्धतीला वेळ अधिक लागतो, हे खरे. पण टेस्टरने लिहिलेल्या चाचण्या पुढे वापरल्या जातातच, त्यामुळे तो वेळ बहुतांशी पुढचाच आधी खर्च झालेला असतो.

चुकीची किंवा कालबाह्य विधाने

जुन्या प्रकल्पातून उचललेले विधान रिव्ह्यूत सर्वांत कमी प्रश्न अनुभवते, कारण ‘ते चालत आलेले आहे’. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या युरोपीय रॉकेटचे पहिले उड्डाण ४० सेकंदांच्या आसपास संपले. दिशादर्शक यंत्रणेतले जुळवणीचे एक कार्य उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवावे, ही रिक्वायरमेंट एरियान ४ साठी होती; एरियान ५ ला तिची गरजच नव्हती. नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीपासूनच जास्त होता, त्याचे ६४ बिटांतले मूल्य १६ बिटांच्या पूर्णांकात मावले नाही, आणि मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणांत तेच सॉफ्टवेअर असल्याने दोन्ही बंद पडल्या. जॅक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने नोंदवले की या यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्ये एरियान ५ च्या मार्गाची माहिती समाविष्टच नव्हती.

म्हणून उचललेल्या प्रत्येक विधानासमोर दोन रकाने ठेवावेत: ही गरज आज कोणाची आहे, आणि हे विधान कोणत्या गृहीतावर उभे आहे. पहिला रकाना भरता आला नाही तर विधान काढून टाकण्याचा प्रस्ताव रिव्ह्यूत मांडावा. विधान काढून टाकणे हाही रिव्ह्यूचा निकाल असू शकतो, हे बहुतेक बैठकांमध्ये कोणाच्या मनातही येत नाही.

वरून खाली न उतरलेली विधाने

मोठ्या प्रणालींमध्ये, जिथे सिस्टिमचे डॉक्युमेंट एक गट लिहितो आणि सॉफ्टवेअरचे दुसरा, तिथे हा गट मोठा निघतो. नासाचे मार्स पोलर लँडर हे यान ३ डिसेंबर १९९९ रोजी मंगळावर उतरताना नाहीसे झाले. उतरतानाचे संदेश मिळण्याची सोय नसल्याने कारण सिद्ध करता आले नाही, पण तपास मंडळाने सर्वाधिक संभाव्य मानलेले कारण आपल्या विषयासाठी मोलाचे आहे. यानाचे पाय जमिनीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर उघडत, आणि त्या झटक्याने पायांतल्या स्पर्शसंवेदकांकडून क्षणभर ‘जमीन लागली’ असा खोटा संकेत येऊ शकत असे. सिस्टिम स्तरावरच्या रिक्वायरमेंटमध्ये या संकेताचा वापर जमिनीपासून १२ मीटरवर येईपर्यंत सुरू करू नये, असे लिहिलेले होते. सॉफ्टवेअरच्या स्पेसिफिकेशनमध्ये मात्र या क्षणिक खोट्या संकेतांचा स्पष्ट उल्लेख आला नाही, त्यामुळे तो संकेत स्मृतीत टिकून राहिला आणि सुमारे ४० मीटर उंचीवर तपासणी सुरू होताच इंजिने बंद झाली असावीत.

दोन्ही डॉक्युमेंट स्वतंत्रपणे वाचली असती तर दोन्ही नीटच वाटली असती. दोष दोहोंच्या मधल्या फटीत होता, आणि एका वेळी एकच डॉक्युमेंट टेबलावर ठेवणाऱ्या रिव्ह्यूत ती फट दिसत नाही. ट्रेसेबिलिटीचा, म्हणजे वरची आणि खालची विधाने एकमेकांशी जोडून दाखवणारा, तक्ता असतो, पण तो ‘वरचे क्रमांक ४१ खालच्या क्रमांक ११२ ला जोडले आहे’ एवढेच सांगतो. खरे काम असे की वरचे विधान आणि त्याला जोडलेली खालची सर्व विधाने शेजारी ठेवून विचारायचे: खालची सगळी पाळली तर वरचे पूर्णपणे पाळले जाते का, आणि वरच्यातले ‘सोडून’, ‘पर्यंत’, ‘खेरीज’ हे शब्द खाली कुठे गेले? वरचे विधान का लिहिले आहे याचे कारण एका ओळीत असेल तर ते खाली नक्कल करावे. पायांच्या झटक्याने खोटा संकेत येतो, हे वाक्य सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या पानावर असते तर त्याने संकेत कसा हाताळला असता, हे सांगायला नको.

बैठकीच्या बाजूने

मायकेल फेगन यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७६ मध्ये मांडलेल्या तपासणी पद्धतीतल्या दोन गोष्टी आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत: बैठकीआधीची वैयक्तिक तयारी, आणि बैठकीचे काम दोष शोधण्याचे, सोडवण्याचे नाही. मॉडरेटरने, म्हणजे बैठक चालवणाऱ्याने, सुरुवातीला प्रत्येकाला तयारीस किती वेळ दिला हे विचारावे, आणि निम्म्या लोकांनी फाइल पहिल्यांदा तिथेच उघडली असेल तर बैठक पुढे ढकलावी. एकदा ढकलली की पुढच्या वेळी सहसा ढकलावी लागत नाही. शेरे आधी लेखी मागवून मॉडरेटरने ते नावांशिवाय एकत्र करावेत. डॉक्युमेंट साहेबांनी लिहिलेले असेल तर आपल्याकडची कनिष्ठ मंडळी बैठकीत तोंड उघडत नाहीत, आणि बऱ्याचदा नेमका दोष त्यांनाच दिसलेला असतो. सापडलेल्या दोषांची संख्या लेखकाच्या वार्षिक मूल्यमापनात कधीही येऊ देऊ नये.

साठ पानांचे डॉक्युमेंट हाती आले तर आधी मधले कोणतेही एक पान घेऊन दोघांनी काटेकोर तपासावे. त्या एका पानावरच आठ-दहा गंभीर दोष निघाले तर उरलेली पाने वाचण्यात अर्थ नाही. ते लेखकाकडे परत जावे.

दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासलेल्या भागात अजून किती दोष शिल्लक असतील याचा अंदाजही काढता येतो. प्राणिगणनेतली खूण करून पुन्हा पकडण्याची रीत इथे लागू पडते. समजा, पहिल्याला १२ दोष सापडले, दुसऱ्याला १०, आणि त्यांतले ६ सामाईक आहेत. १२ गुणिले १० भागिले ६, म्हणजे एकूण दोष सुमारे २०. सापडलेले वेगवेगळे दोष १६, म्हणून सुमारे ४ शिल्लक. सामाईक फक्त २ असते तर अंदाज ६० वर गेला असता आणि सही करणे धाडसाचे ठरले असते. दोघे वेगवेगळ्या भूमिकांतून वाचत असतील तर सामाईक दोष मुळातच कमी निघतात आणि अंदाज फुगतो, त्यामुळे हे गणित एकाच रीतीने वाचणाऱ्या दोघांपुरतेच वापरावे.

बेसलाइननंतरचे बदल

इतके करूनही दोष परत येऊ लागले तर बेसलाइननंतरच्या बदलांकडे पाहावे. बदलाच्या रिव्ह्यूत बहुधा बदललेली ओळच दाखवली जाते. आमच्याकडे ‘नवीन दर पुढच्या संकलनापासून लागू करावा’ अशी दुरुस्ती झाली आणि ती सर्वांनी पाच मिनिटांत मान्य केली. पण ‘संकलन’ हा शब्द आणखी अकरा विधानांत होता, आणि त्यांतल्या एका ठिकाणी त्याचा अर्थ एका उत्पादकाचे दूध घेणे असा होता. तेव्हापासून आम्ही बदललेल्या विधानातल्या प्रत्येक संज्ञेचा संपूर्ण डॉक्युमेंटमध्ये शोध घेऊन, सापडलेली सर्व विधाने त्याच बदलाच्या रिव्ह्यूत जोडतो, आणि त्या विधानांवर लिहिलेल्या चाचण्या पुन्हा एकदा कागदावर चालवून पाहिल्याशिवाय सही करत नाही.